नळाला बरं कोणी केलं?

मोर्शीजवळ सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरण आहे. पावसाळ्यात त्याचे १३ दरवाजे उघडले की पेपरात फोटो येतो. अमरावती शहर याच पाण्यावर जगतं. या जलाशयाचं नाव नल-दमयंती सागर, आणि मोर्शी गावातून वाहणारी नदीही दमयंतीच. सहलीला आलेली पोट्टी तिथं फोटो काढतात, नावाकडे कोणाचं लक्ष नसतं. पण मानसिक आजाराशी झुंजणाऱ्या माणसाची प्रेमकथा मजेत वाचता येते का, वाचावी का, आणि वाचली तर तिच्यात काय शोधावं, याचा आढावा घ्यायला बसलं की हे नाव ओलांडून पुढे जाता येत नाही.

दमयंती विदर्भराज भीमाची लेक. तिचं कुंडिनपूर म्हणजे तिवसा तालुक्यातलं, वर्धेकाठचं कौंडण्यपूर असं परंपरा मानते. स्वयंवरात देवांना बाजूला सारून ती नळाला वरते. रघुनाथ पंडितांचं मराठी आख्यान गाजलं तेही या स्वयंवराच्या रसाळपणामुळे. महाभारतातली कथा मात्र खरी सुरू होते ती लग्नानंतर. कली नळाच्या अंगात शिरतो आणि नळ भावाशी, पुष्कराशी, फासे खेळायला बसतो. महिनोन्‌महिने खेळतो. नागरिक दाराशी येतात, मंत्री येतात, बायको रडून सांगते, त्याला काही ऐकूच जात नाही. मग दमयंती सारथ्याला बोलावते आणि दोन्ही लेकरं माहेरी पाठवून देते. व्यसनी माणसाच्या घरात मुलांना आधी सुरक्षित जागी हलवायचं असतं हे आज समुपदेशक सांगतात, ते या बाईनं आपणहून केलं. पुढे अरण्य, दोघांत एक वस्त्र, आणि झोपलेल्या बायकोला सोडून जाणारा नळ. तो जातो, परत येतो, तिच्याकडे पाहतो, पुन्हा जातो. मन ताब्यात नसलेल्या माणसाचं इतकं नेमकं चित्र कमी ठिकाणी सापडेल.

नळ बरा कसा होतो, हे त्याहून महत्त्वाचं. कर्कोटक नाग त्याला डसतो. विष नळाला बाधत नाही, आतल्या कलीला जाळत राहतं, पण नळाचं रूप जातं. औषधाचे असले दुष्परिणाम भोगलेल्यांना हा तपशील हसवेलही आणि रडवेलही. ओळख लपवून, बाहुक नावानं तो अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे नोकरी धरतो, काम करतो, त्याच्याकडून फाशांची विद्या शिकतो, आणि ती येताच कली विष ओकत बाहेर पडतो. कलीला दमयंतीच्या शापानंही पोळलेलं असतं, तेवढा वाटा तिचा. पण विष नागाचं, विद्या राजाची, वेळ नळाचा स्वतःचा. दमयंती करते ते काम वेगळं आहे. ती शोधते. गावोगाव माणसं पाठवते, उत्तर आलं की ताडते, स्वयंवराचा बनाव रचून त्याला बोलावते, दासीकरवी त्याच्या हातचा स्वयंपाक चाखून बघते, मुलं त्याच्यापुढे धाडते, आणि सगळी खात्री पटल्यावर समोर उभी राहून विचारते, मला का टाकून गेलास? तो जाब झाल्यावरच दोघं एकत्र येतात.

ही कथा सांगितली कोणाला? जुगारात सगळं हरून वनात खचून बसलेल्या युधिष्ठिराला. माझ्याइतका दुर्दैवी कोणी आहे का, असं तो विचारतो आणि बृहदश्व ऋषी त्याला उपदेश न करता प्रेमकथा सांगतात, सुखान्त असलेली. ती संपल्यावर फाशांची विद्याही देतात. आधी गोष्ट, मग उपाय, दोन्ही एकाच बैठकीत.

मग प्रश्न आज वेगळा का वाटतो? कारण नायिका नैराश्याच्या गोळ्या घेते, नायकाचा श्वास भर गर्दीत कोंडतो, आणि तरी शेवटच्या पानावर दोघं एकमेकांची होतात, अशा कादंबऱ्यांचा आता एक वेगळा कप्पाच तयार झाला आहे. इंग्रजीत तो फार मोठा, मराठीत बहुतेक अनुवादांतून आणि प्रतिलिपीसारख्या ॲपवरच्या क्रमशः कथांतून येणारा. अमेरिकेतल्या प्रणयकथा-लेखकांच्या संघटनेनं या प्रकाराच्या दोनच अटी सांगितल्या आहेत: प्रेम मध्यवर्ती हवं आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. मराठी समीक्षेला दुसरी अट ऐकूनच हसू येतं. आपल्याकडे प्रेम आणि मनोविकार एका पुस्तकात आले की एकानं मरावं किंवा वेडं तरी व्हावं, म्हणजे ते साहित्य, नाहीतर टाइमपास. या तुच्छतेबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो घरात रुग्ण असलेली माणसं घेतात: आमच्या घरात रात्र रात्र जे चालतं ते तुम्ही उशीला टेकून मजेत वाचता?

माझं उत्तर असं की मजेत वाचण्यात गैर काही नाही, पुस्तक खोटं आश्वासन देत नसेल तर. नुसता आजारच आजार असलेलं पुस्तक सरकारी पत्रकासारखं होतं, ते कोणी दुसऱ्यांदा उघडत नाही. प्रेमकथेची ओढ हवीच. पण प्रेम मिळालं की आजार पळाला, असं जी कादंबरी सांगते ती वऱ्हाडात तरी निरुपद्रवी राहत नाही. ते आश्वासन इथं सोयरीक जुळवताना रोज दिलं जातं.

पोट्टा डोक्शानं जरा हलला, एकटाच बसते, रात्री झोपत नाही, असं झालं की घरातल्या जाणत्यांकडे तोडगा तयार असतो: "लगन करून द्या त्याचं, आपोआप सुधरते." बाहेरचं लागलं म्हणून आधी देवऋषी होतात, मग गुपचूप नागपूर. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी विदर्भाचं ते तिथं, आणि तिथल्या चौकाचं नावच लोकांच्या तोंडी पागलखाना चौक पडलेलं. त्या नावामुळेच अनेकजण जात नाहीत. गोळ्या सुरू झाल्या की झोप लागते, बरं वाटतं, आणि बरं वाटलं की पोरगी पाहायला निघायचं. तिच्या घरी काही सांगायचं नाही. लग्नाच्या धावपळीत गोळ्या बंद. काही महिन्यांत आजार उलटतो आणि दोष जातो नव्या सुनेच्या पायगुणावर. मुलगी आजारी असली तर गोष्ट आणखी लवकर संपते. तिला बॅग भरून माहेरी आणून सोडतात. हिंदू विवाह कायदा १९५५ चा; मनोविकार हे त्यात विवाह रद्द करण्याचं आणि घटस्फोटाचंही कारण होऊ शकतं. अपस्माराचे झटके हाही त्यात विवाहाचा अडथळा होता, तो शब्द १९९९ मध्ये वगळला. म्हणजे कायदासुद्धा हळूहळू शिकतोच आहे. लपवलेला आजार आणि त्यावर उभं केलेलं लग्न हे आपल्या समाजातलं किती जुनं कथानक आहे, पण त्यावर प्रेमकादंबरी लिहायला कोणी सहसा धजत नाही.

आणि इथं लोक मदत घेतच नाहीत, असंही म्हणता येत नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या अमरावती जिल्ह्याचं नाव देशभर झालं, त्याच जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर बोलतं केलं, समुपदेशक आणि गरज पडली तर डॉक्टर जोडून दिले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार, नेमकं सांगायचं तर ४.३ टक्के, उपचारापर्यंत पोहोचत होते. १८ महिन्यांनंतरच्या पाहणीत ते २७.२ टक्के झाले. 'लॅन्सेट सायकियाट्री'त २०१७ मध्ये हे छापून आलं. या आकड्याला साहित्याच्या आढाव्यात जागा द्यायचं कारण असं की गावातली बाई "मला काही गोड लागत नाही, कशातच जीव लागत नाही" हे दुसऱ्या बाईपुढे बोलू शकते, असं त्यानं सिद्ध केलं. जे ओसरीवर बोलता येतं ते कादंबरीत का येऊ नये?

मोर्शी तालुक्याकडे तर याहून जुनं उदाहरण आहे. रिद्धपूर याच तालुक्यातलं. तेराव्या शतकात तिथं गोविंदप्रभू राहत. लोक त्यांना उघड वेडे, पिसे म्हणत. ते कोणाच्याही घरात शिरत, मनाला येईल ते खात, रागावत, हसत, मध्येच निघून जात. म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा लिहिल्या त्या या वेडेपणासकट, काही झाकलं नाही. गावानं त्यांना कोंडलं नाही, सांभाळलं. भक्तांना त्यांच्यात ईश्वर दिसला. महदंबेनं कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले ते याच गोविंदप्रभूंसाठी, त्यांच्या लहरीखातर मांडलेल्या विवाहसोहळ्यात. मराठीतल्या पहिल्या कवयित्रीची प्रणयरचना, ऐकणारा एक असा माणूस ज्याला गाव वेडा म्हणतं. आज मराठी भाषा विद्यापीठ त्याच रिद्धपूरला आहे. संतत्व आणि मनोविकार यांची गल्लत मी करत नाही. तेव्हाच्या समाजानं वेगळ्या मनाच्या माणसासाठी घराची दारं उघडी ठेवली, एवढीच नोंद.

संस्कृतातला विदर्भ घाईत पाहू. कालिदासाची इंदुमती विदर्भाची. ती गेल्यावर अज राजाचा शोक 'रघुवंशा'त एका सर्गाचा मोठा भाग व्यापतो आणि तो राजा त्यातून कधीच उभा राहत नाही. भवभूती पद्मपूरचा, म्हणजे विदर्भातलाच. त्याचा माधव मालतीवाचून रानात भ्रमिष्टासारखा फिरतो. त्या नाटकाला सुखान्त आहे, अजाला नाही.

आधुनिक मराठीत हा धागा येतो तो आगरकरांच्या 'विकारविलसिता'पासून. अकोल्यात शिकलेल्या या माणसानं १८८३ मध्ये 'हॅम्लेट' मराठीत आणलं. प्रेमभंगानं आणि बापाच्या मृत्यूनं वेडी होऊन पाण्यात बुडणारी मुलगी मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहिली आणि बराच काळ तिनं जागा सोडली नाही. नंतर गडकऱ्यांचा 'एकच प्याला'. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये सावनेरला वारले आणि पुढच्याच महिन्यात नाटक रंगभूमीवर आलं. सिंधूचं सुधाकरावर प्रेम आहे, शंकाच नाही. पण ते प्रेम जितकं वाढतं तितकी बाटली जवळ येते. सिंधूच्या सोसण्यावर महाराष्ट्र शंभर वर्षं रडला आणि अनेक घरांत तसंच सोसायला शिकला, हे सांगताना मला गडकऱ्यांची भाषा कितीही आवडली तरी संकोच वाटत नाही. त्याचं खरं उत्तर नाटकातून आलं नाही, १९८६ मध्ये पुण्यात निघालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून आलं. व्यसनी नवऱ्यांच्या बायकांचा तिथला 'सहचरी' गट सांगतो की त्याचं पिणं तू थांबवू शकत नाहीस, तू स्वतःला सांभाळ. लेकरं माहेरी धाडणाऱ्या दमयंतीला हे सांगावं लागलं नसतं.

फडक्यांचं कोडं मला सुटत नाही. मराठी प्रणयकादंबरीचे हे सम्राट. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवत. वर्गात मनाचे विकार शिकवायचे आणि 'जादूगार', 'दौलत'मध्ये गैरसमज, मत्सर, पत्र हरवणं यापलीकडचा विकार येऊ द्यायचा नाही! त्यांच्या नायक-नायिकांना झोप लागत नाही ती फक्त प्रेमामुळे. कदाचित मानसशास्त्र फार माहीत असल्यामुळेच त्यांनी ते दाराबाहेर ठेवलं असेल. नुकसान मात्र झालं. प्रेमकथा हलकीफुलकी आणि मनोविकार गंभीर, असे दोन कप्पे पडले आणि सुखान्त प्रेमकथेत आजारी मनाला जागा उरली नाही.

१९३९ मध्ये 'रणांगण' आली. विश्राम बेडेकर अमरावतीचे, त्यांचं बालपण 'एक झाड आणि दोन पक्षी'त वाचायला मिळतं. बोटीवरचा चक्रधर आणि नाझींपासून पळणारी ज्यू हॅर्टा. दहा-बारा दिवसांचं प्रेम, कारण बोट मुंबईला लागली की तो उतरणार आणि ती पुढे पूर्वेला जाणार. ही कादंबरी युद्धाची आणि वंशद्वेषाची म्हणून वाचली जाते, ते बरोबरच. पण दुखावलेल्या दोन मनांची म्हणून वाचून पाहा. चक्रधरला पूर्वी एकीनं नाकारलेलं आहे आणि तेव्हापासून त्याला कोणावर विश्वास टाकता येत नाही. तो स्वतःच्या कोरडेपणाला शहाणपण समजतो. हॅर्टाचं घर गेलं, देश गेला, प्रियकर गेला. ती जीव लावते तो बुडणारा माणूस हात पकडतो तसा, आणि चक्रधरला ते कळूनही तो पूर्ण हात देत नाही. शेवटी ती समुद्रात उडी घेते. आघातानंतरचं मन कसं चालतं हे आज डॉक्टर ज्या शब्दांत सांगतात, ते शब्द मराठीत नव्हते तेव्हाचं हे लेखन आहे. सुखान्त मागणाऱ्यानं ती वाचू नये. पण मराठीत या विषयावर सर्वांत बारकाईनं कोण पाहतं, असं मला विचारलं तर मी अजूनही अमरावतीच्या या माणसाचं नाव घेईन.

जयवंत दळवींच्या 'अंधाराच्या पारंब्या' या कादंबरीवरून १९७७ मध्ये 'बॅरिस्टर' नाटक झालं. विजया मेहतांनी ते बसवलं, विक्रम गोखल्यांनी बॅरिस्टर उभा केला. पुढे त्यावर 'रावसाहेब' हा हिंदी चित्रपटही आला. घराण्यात वेड आहे, आज ना उद्या ते आपल्यालाही गाठणार, या भीतीत जगणारा सुधारक माणूस शेजारच्या विधवा राधेला जगायला शिकवतो, आणि ती जवळ येते तेव्हा मागे सरकतो. आनुवंशिकतेची भीती हा आपल्याकडच्या लग्नांतला खरा आणि मोठा प्रश्न आहे आणि दळवींनी तो नेमका पकडला. माझी तक्रार एकच: नाटकात भीती खरी ठरते. प्रेक्षकानं घरी नेलं ते हेच, की घराण्यात असलं म्हणजे होणारच. प्रत्यक्षात आई किंवा बाप आजारी असलेली बहुसंख्य मुलं त्या आजाराविना जगतात. त्या बहुसंख्यांची प्रेमकथा अजून यायची आहे.

सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'त भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात आणि तो नाहीसा झाल्यावर मागे उरलेली दोन मनं वाचकाला सांभाळावी लागतात. छोटी, देखणी कादंबरी.

खरी मेजवानी मात्र जेरी पिंटोंच्या कादंबरीत आहे. मूळ इंग्रजी, २०१२ ची. २०१६ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि शांता गोखल्यांनी ती 'एम आणि हूमराव' या नावानं मराठीत आणली. माहीममधलं चिमुकलं घर, गोव्याचं कॅथलिक कुटुंब, आई एम द्विध्रुवीय विकारानं कधी उधाणलेली, कधी जीव द्यायला निघालेली, आणि बाप हूमराव. सांगणारा मुलगा आहे. मधूनमधून आईबापांच्या तरुणपणीच्या प्रेमाची कथा येते, पत्रांतून, डायरीतून, आईच्या अफाट बडबडीतून. ही बाई इतकं विनोदी बोलते की वाचक मोठ्यानं हसतो आणि पुढच्याच ओळीला गप्प होतो. हूमराव तिला बरं करत नाही. तो कामाला जातो, इस्पितळाची बिलं भरतो, फोन आला की येतो, मुलांना जेवू घालतो आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच करतो. अनेक वर्षं. प्रणयकथेत नायकानं विमानतळावर धावत जावं लागतं. हा माणूस नुसता थांबतो, आणि ते थांबणं वाचताना ऊर भरून येतो. आजाराबद्दल पुस्तक एकही गोड खोटं बोलत नाही. मुलाच्या मनात आईबद्दल येणारा संताप, हे आपल्यातही असेल काय ही धास्ती, सगळं आहे. दळवींची भीती इथंही आहे, पण इथं ती शाप न होता एका मुलाच्या डोक्यातला रोजचा प्रश्न राहते. ज्यांना असली घरं माहीत आहेत त्यांनी वाचून सांगावं, यात कुठे त्यांच्या दुःखाची करमणूक झाली आहे का.

हूमरावसारखी माणसं कागदाबाहेरही असतात. धुळ्याकडून कॅनडात कॅल्गरीला गेलेले प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली आणि २००४ चा 'देवराई' हा चित्रपट निर्माण केला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी तो केला. त्यांच्याच 'कासव'नं पुढे नैराश्य घेतलं आणि राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवलं. दोन्हींत प्रेम आहे, पण बहिणीचं किंवा परक्या बाईचं. प्रियकर-प्रेयसीचं प्रेम त्यांनीही टाळलंच.

इंग्रजी बाजाराकडे वळलं तर भारतातला सर्वाधिक परिचित नमुना प्रीती शेणॉय यांची 'लाइफ इज व्हॉट यू मेक इट'. २०११ ची. कॉलेजातली हुशार अंकिता, तिची प्रेमं, मग द्विध्रुवीय विकार आणि इस्पितळ. भाषा साधी, कधी कधी बाळबोध. समीक्षकांनी नाक मुरडलं. पण इस्पितळात दाखल होणं म्हणजे आयुष्य संपणं नव्हे, हे स्टेशनवरच्या स्टॉलवर विकल्या जाणाऱ्या पुस्तकानं हजारो मुलींना सांगितलं. तेवढं पुण्य तिच्या खात्यावर टाकावंच लागेल. जिद्द धरली की आजार हटतो, असा तिचा शेवटचा सूर मला खटकतो. जिद्द नसलेल्या रुग्णानं मग काय करायचं?

मॅथ्यू क्विक यांच्या 'सिल्व्हर लायनिंग्ज प्लेबुक'वरचा २०१२ चा चित्रपट जगभर चालला. दोन विस्कटलेली माणसं नृत्यस्पर्धेची तालीम करता करता सावरतात. पाहायला झकास. बरं होण्याचं श्रेय शेवटी त्या नृत्याला आणि चुंबनाला जातं. त्यातलं लगन करून द्या हे सूत्र वऱ्हाडी माणूस लगेच ओळखेल.

सॅली रूनीची 'नॉर्मल पीपल' वेगळी. कॉनेल पश्चिम आयर्लंडच्या छोट्या गावातून डब्लिनला शिकायला जातो. मित्राच्या आत्महत्येनंतर तो खचतो आणि कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात एक प्रश्नावली भरतो: मला उदास वाटतं, बऱ्याचदा वाटतं, सतत वाटतं, यापैकी एकावर खूण. तो प्रसंग अगदी कोरडा लिहिला आहे आणि म्हणून हलवून सोडतो. मोर्शीहून पुण्याला गेलेल्या, खोलीवर चार जणांत राहूनही एकट्या पडलेल्या पोराला कॉनेल परका वाटणार नाही. मारियान त्याच्यावर प्रेम करते, रात्र रात्र संगणकावर त्याच्यासमोर बसून राहते, आणि तरी समुपदेशकाकडे जायला सांगावं लागतंच.

आणि हेलन होआंग. तिची पहिली कादंबरी 'द किस कोशंट' गाजली ती स्वमग्न नायिकेमुळे. (स्वमग्नता हा आजार नव्हे, मेंदूची वेगळी घडण; लेखिकेला स्वतःचं निदान प्रौढ वयात कळलं.) मला तिची २०२१ ची 'द हार्ट प्रिन्सिपल' जास्त मोलाची वाटते. व्हायोलिन वाजवणारी अॅना. वडिलांना अर्धांगवायू होतो आणि त्यांची सेवा घरच्या मुलींवर येते. नाही म्हणायची सोय नाही, थकले म्हणायची त्याहून नाही. ती आतून जळून जाते, वाद्य हातात धरवत नाही. क्वान तिच्यावर मनापासून प्रेम करतो, आणि त्या प्रेमानं एकही सकाळ सोपी होत नाही. कादंबरीत प्रणयाची सगळी धमाल आहे, लाजाळू वाचकानं काही पानं एकट्यानंच वाचावीत. पण सावरण्याला महिन्यामागून महिने जातात, आणि लेखिका ते महिने गाळत नाही. सासऱ्याचं, आईचं, आजीचं अंथरूण सांभाळणाऱ्या बाया आपल्या घराघरांत आहेत. त्यांच्या थकव्याला कोणी आजार म्हणत नाही, कर्तव्य म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या त्या मुलीची कथा वाचताना मला शेजारच्या आळीतल्या बायाच दिसत होत्या.

वऱ्हाडात घडणारी अशी कादंबरी मला वाचायची आहे आणि ती वऱ्हाडी बोलीत हवी. उद्धव शेळक्यांनी १९६० मध्ये 'धग' लिहून ही बोली आख्खा संसार पेलते हे दाखवून ठेवलं आहे. संत्र्याची बाग असावी, डिसेंबरात आंबिया बहारासाठी झाडाचं पाणी तोडून ताण दिलेला असावा, आणि बागवानाच्या पोरानं गोळ्या खिशात लपवलेल्या असाव्यात. मुलीनं त्या पाहाव्यात, काय आहेत विचारावं, आणि त्यानं खरं सांगावं. लग्नाआधी. पुढे तिनं काय करावं ते लेखिकेनं ठरवावं. नकार दिला तरी ती खलनायिका होऊ नये. देवऋषी असावा, आशाताई असावी, अमरावतीच्या डॉक्टरकडे जाताना एसटीत झोपलेला पोरगा असावा, गोळीनं वाढलेलं वजन असावं, त्यावरून मित्रांनी केलेली थट्टा असावी, आणि भरपूर प्रेम असावं, अंगानं आणि मनानं. आजार परत उलटावा. शेवट गोड असावा.

तोवर कोणी विचारलंच तर 'एम आणि हूमराव' आधी, मग 'द हार्ट प्रिन्सिपल', 'रणांगण' सवडीनं. 'एम', 'रणांगण', 'नॉर्मल पीपल' या तिन्हींत आत्महत्येचे प्रसंग आहेत. मन आधीच खाली गेलेलं असेल त्या दिवसांत ही पुस्तकं बाजूला ठेवावीत आणि टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावं. मराठीत बोलता येतं. यांतलं एखादं पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात नसेल तर ग्रंथपालांकडच्या वहीत मागणी लिहून ठेवावी, कादंबरी म्हणूनच. आरोग्याच्या कपाटात गेलं तर कोणी हात लावणार नाही.